अण्णांची पाठ

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. यात माझं कर्तृत्व शून्य. जीव मायचा टांगणीला लागला आणि घाम सुईणीला फुटला. पण उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत या एका गोष्टीवर मी जी मिजास मिरवली, ती पुढं मॅट्रिक झाल्यावरही मिरवली नाही. कुणाची कंबर लचकली, पाठीत उसण भरली, की तो माणूस वाकत वाकत आमच्या दारात हजर. पायाळूचा पाय लागला की उसण उतरते, हे अख्ख्या गल्लीनं धरलेलं. रविवारी सकाळी मी तोंड धुवायच्या आत ओट्यावर कोणी ना कोणी कण्हत बसलेलं असायचं. त्यानं पालथं पडायचं, मी उजव्या पायाची टाच दुखऱ्या जागी टेकवून हळूहळू दाबायचं, आणि काम होईस्तोवर दोघांनीही तोंडातून शब्द काढायचा नाही, असा रिवाज. माझ्यासारख्या तोंडाळ पोरीला दाबण्यापेक्षा ते गप्प राहणंच जड जायचं. बदल्यात गुळाचा खडा मिळायचा, नाहीतर खोबऱ्याची वाटी. एका जाड्या बाईनं तर घरी केलेल्या शेवया आणून दिल्या होत्या, आणि मी आठवडाभर त्या बाईची पाठ पुन्हा कधी धरते याची वाट बघत होते. असली मी बया!

आभाळ गडगडलं की मात्र सगळी मिजास उतरायची. पायाळूवर वीज पडते म्हणतात. माय मला दंडाला धरून घरात ओढायची आणि ज्वारीच्या पोत्यांच्या आड बसवायची, डोक्यावर वाकळ टाकून. पुढं मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. वीज कशी पडते, कुणावर पडते, हे फळ्यावर काढून दाखवलं. आणि तरी अजून वीज चमकली की मी खिडकीपासून उठून आत जाते. सून हसते. हसू दे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाचोडच्या शेतकरी घरातले. पोलीस ॲक्शन होऊन गेल्यावर ते शहरात आले आणि शहागंजात एका उस्तादांच्या दुकानात शिवणकाम शिकले. नांगर धरणाऱ्याच्या पोरानं सुई धरली म्हणून थोरले काका बरीच वर्षं तोंड वाकडं करून होते. पण त्यांच्याच पोराच्या लग्नाचा कोट अण्णांनी शिवला, तो अंगावर असा बसला, की काकांचं तोंड आपोआप सरळ झालं. उस्ताद वयानं मोठे, डोळ्यानं अधू झालेले. पुढं ते फक्त कापड बेतायचे आणि शिवायचे अण्णा. दोघं एकमेकांवर दिवसभर खेकसायचे. "रंगनाथ, तू बैठा तो उठना भूल जाता रे," उस्ताद म्हणायचे, आणि अण्णा तोंडात दोरा धरून नुसते "हूं" करायचे. घरी पुढच्या खोलीत अण्णांची स्वतःची एक जुनी मशीन होती. दिवेलागणीला ते सायकलवरून आले, चहा घेतला, की ती मशीन सुरू. आमच्या घरात भाकरी थापायचा आवाज आणि मशीनची खडखड एकदम चालायची. त्या आवाजात मी धडे पाठ केले. आजही अगदी शांत खोलीत मला वाचता येत नाही, कोणीतरी काहीतरी खडखडवावं लागतं.

अण्णांना खायची भारी हौस. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, त्यात कुस्करलेली भाकरी, वर कच्चं तेल आणि हाताने फोडलेला कांदा. जेवताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा आणि तो ते बाहीला पुसायचे म्हणून माय ओरडायची. ईदला उस्तादांच्या घरचा मटणाचा नान-खलिया ते दुकानातच खाऊन यायचे. माय माळकरी. घरी आल्यावर ती काही विचारायची नाही, फक्त त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवून ठेवायची, आणि तेही न बोलता आंघोळीला जायचे. या दोघांचा संसार असा चालला होता.

त्या वर्षी पहिल्यांदा काय बदललं असं कोणी विचारलं, तर मी सांगेन, भाकरी. अण्णा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायला लागले. मायला वाटलं, आपल्या हाताची चव गेली. तिनं मसाला बदलला, डाळ बदलली, शेवटी सरळ विचारलं, "बाहेर खाऊन येता का काय?" अण्णा म्हणाले, "पोट भरल्यावाणी वाटतं गं. आन् पाठ धरलीय." झालं! पाठ धरली म्हटल्यावर पोटाकडं कोण बघतंय? शिंपी माणूस, दिवसभर वाकलेला, त्याची पाठ धरणार नाही तर कुणाची? गल्ली हेच म्हणाली, उस्ताद हेच म्हणाले, थोरले काका म्हणाले, "म्हणून म्हणत व्हतो, शेतात उभ्यानं काम असतंय." आणि मी घरात होतेच.

"कुसे," अण्णा म्हणाले, "गल्लीला पाय लावतीस, बापानं काय घोडं मारलंय तुझं?"

माय चुलीपासून धावत आली. "बापाला पाय लावायचा म्हंजे काय! काही रीतभात हाय का नाय? नरकात जाईल पोरगी."

"दवा ती दवा," अण्णा म्हणाले. "औषधाला दोष नसतो. आन् नंतर नमस्कार करंल की ती. लाथ मारून पाया पडायचं, हिशोब फिटला."

मला हसू आवरेना. पण खरं सांगते, अण्णा सतरंजीवर पालथे पडले, सदरा वर केला, आणि मी टाच उचलली, ती तशीच अधांतरी राहिली. मी त्यांची पाठ अशी कधी बघितलीच नव्हती. गोरी, मऊ, मधोमध मणक्यांची ओळ. मी टाच टेकवली. त्यांनी लांब श्वास सोडला. रिवाजाप्रमाणे मी बोलले नाही, तेही बोलले नाहीत. मग मी खाली बसून त्यांच्या पावलांवर डोकं ठेवलं आणि ते उठून बसत म्हणाले, "उतरली! माय शप्पथ उतरली." माझी छाती अशी फुगली म्हणता! दुसऱ्या दिवशी मी शाळेत मैत्रिणींना सांगितलं, की माझ्या पायाचा गुण बापालाही लागू पडला.

मग तो रोजचाच पाठ झाला. फक्त रविवारी पाय लावायचा, हा नियम मोडला. दिवेलागणीला चहा, मग माझा पाय, मग मशीन. हळूहळू त्यांना पालथं झोपवेना, उताणं तर मुळीच नाही. उताणं पडले की दुखणं पोटातून आरपार पाठीत जायचं. मग आम्ही दुसरी तऱ्हा काढली. ते जमिनीवर मांडी घालून, पुढं स्टूल घेऊन, त्याला कवटाळून वाकून बसायचे, पाठ खाटेकडं. मी खाटेवर बसून पाय पुढं करायची. एका हातात माझं पुस्तक, आणि पाय अण्णांच्या पाठीवर. कधीकधी तसंच बसल्या बसल्या मी त्यांना धडा वाचून दाखवायची. न बोलायचा नियम केव्हाच मोडला होता. "काय, पृथ्वी फिरायलीय का अजून?" ते विचारायचे. "फिरायलीय," मी म्हणायची. "फिरू दे. जरा वर घे टाच."

आता मला माहीत आहे, की ते दुखणं पुढं वाकलं की हलकं होतं. म्हणून अण्णा दुकानात मशीनवर जास्त जास्त वेळ बसायला लागले होते. काम नसलं तरी वाकून बसायचे. उस्ताद ओरडायचे, "घर जा बाबा, मशीन किधर भागके जाती?" आणि आम्ही म्हणायचो, यांना कामाचा हव्यास सुटलाय. आता मला हेही माहीत आहे, की ते स्वतःचा पायजमा कमरेत आत घेत होते. एकदा मी त्यांना मशीनवर स्वतःचाच पायजमा उसवताना बघितलं आणि विचारलं, तर म्हणाले, "कापड सैल पडलंय धुवून धुवून." कापड धुवून आटतं, सैल पडत नाही, हे शिंप्याच्या पोरीला कळू नये? कळलं. पण पायाचा गुण येतोय हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की दुसरं काही कळून घ्यायला तिथं जागाच नव्हती. त्या ईदला उस्तादांनी डबा उघडला, तर वासानंच अण्णांना उमळून आलं. ते घरी आले आणि मायनं सवयीनं पाणी तापवलं, तर म्हणाले, "आज नको. आज खाल्लं नाय मी." मायचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा उतरला. माळकरी बाई, नवऱ्यानं मटण खाल्लं नाही म्हणून रडली.

मग डोळे पिवळे झाले. थोरले काका आले आणि अण्णांना पाचोडला घेऊन गेले, तिथं आठवडी बाजाराच्या दिवशी एक कावीळ उतरवणारा बसायचा. त्यानं अण्णांना चुन्याच्या पाण्यात हात चोळायला लावले. पाणी पिवळंजर्द झालं. म्हणाला, उतरली बघा. पुढं वर्गात मी कुठल्याही पोराच्या हातावर आंब्याच्या सालीचा रस लावून, चुन्याचं पाणी टाकून तस्संच पिवळं करून दाखवायची, आणि पोरं टाळ्या वाजवायची. त्या वेळी मात्र आम्ही सगळे त्या पाण्याकडं बघून सुटल्यासारखे हसलो होतो. अण्णांच्या अंगाला खाज सुटली होती. कापड मोजायच्या लाकडी गजानं ते पाठ खाजवायचे, रक्त निघेस्तोवर. शेवटी उस्तादच रिक्षा घेऊन दारात आले. "मैं कुछ नै सुनता," म्हणाले. "बैठ. दवाखाना." आणि आम्ही, थोरल्या काकांसकट, मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरांचा मला राग नाही. बिचारे सकाळपासून उभे असतील. त्यांनी अण्णांचं पोट चाचपलं, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, "पाठ केव्हापासून दुखतेय?" मायनं सांगितलं. "मग इतके महिने काय केलंत?" माय गोंधळली. तिनं आधी काकांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "हिचा पाय लावीत व्हतो जी. पायाळू हाय ना ही."

"पाय?" डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत, त्यांनी नुसती मान हलवली आणि कागदावर लिहायला लागले. माझ्या पायात चपला होत्या. मी एक पाय दुसऱ्याच्या मागं घेतला आणि भिंतीला टेकले. मी शाळेत विज्ञानात पहिली येणारी पोरगी! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

पोट उघडलं, बघितलं आणि शिवून टाकलं. त्या काळी आत बघायला दुसरा मार्ग नव्हता. डॉक्टरांनी काकांना बाहेर व्हरांड्यात घेतलं, आणि मी खांबाआड उभी राहून ऐकलं. जठराच्या मागं, मणक्याला लागून, आडवी एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ झालीय. कर्करोगाची. गाठीनं पित्ताची वाट दाबली म्हणून कावीळ. यकृतावरही तीच बीजं पसरलीत. "पाठ दुखत होती, पण ते दुखणं पाठीचं नव्हतंच," डॉक्टर म्हणाले. "आता घरी न्या. जे खातील ते द्या." काकांनी डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. अण्णांना सांगायचं नाही, असं त्यांनी आणि मायनं ठरवलं. आमच्याकडं तेव्हा असंच ठरवायचे, अजूनही ठरवतात.

पण शिंप्याला काय फसवणार? घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी अण्णांनी मला हाक मारली. पोटावरच्या व्रणावरून बोट फिरवीत म्हणाले, "टाके बघ. लांब लांब. घाईत घातलेत. आत काही काम केलं असतं तर शिवताना माणूस जपून शिवतो. यांनी उसवलं आन् तसंच शिवलं." मी त्यांच्या अंगावरची वाकळ सारखी करायला लागले. "तू ऐकलंस ना? कुठं हाय ते, मला सांग. तुला शास्त्रात असतंय की." मी खुंटीवरचा एक अर्धवट कोट काढला. त्यांना समजेल असं दुसरं काही मला सुचलं नाही. हे वरचं कापड म्हणजे पोट, म्हटलं. ही आतली कॅनव्हास म्हणजे जठर. आणि हे अस्तर, पाठीला लागून. या दोन्हींच्या मधे. अण्णांनी कोटात हात घालून ती जागा चाचपली, एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार समजून घ्यावी तशी. मग हसले. "म्हंजे लई आत. मग तुझ्या पायाला कसं घावावं गं ते बापडं?"

हे ते मला समजावायला म्हणत होते. आज कळतं. तेव्हा मला तो टोमणा वाटला, दवाखान्यात सगळ्यांसमोर ऐकलेल्या त्या "पाय?" सारखाच. मी कोट टाकला आणि मोरीत जाऊन रडले.

त्याच संध्याकाळी दिवा लागल्यावर त्यांनी स्टूल पुढं ओढलं, पाठ खाटेकडं केली आणि म्हणाले, "कुसे, पाय लाव जरा."

"नाही," मी म्हणाले.

"का गं?"

"त्या पायानंच घात केलाय तुमचा."

"अगं येडी का खुळी? लाव. बरं वाटतं."

"मी नाही लावणार अण्णा. बापाला पाय लावला म्हणूनच हे झालं."

एका तोंडानं मी दोन गोष्टी बोलत होते, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. शास्त्र म्हणतं पायात काही नसतं, म्हणून लावायचा नाही. आणि देव म्हणतो पाप लागतं, म्हणून लावायचा नाही. दोन्हीकडून मीच गुन्हेगार ठरत होते आणि मला तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मागितलं. मी रडले. तिसऱ्या दिवशी मागितलं, मी चिडून म्हणाले, "पुन्हा म्हणाल तर मी पाचोडला निघून जाईन." मायनं मधे पडून बघितलं. "लाव की गं जरासा," ती म्हणाली, तीच माय, जिनं पहिल्यांदा नरकाची भीती घातली होती. मी तिच्याही अंगावर गेले. त्यानंतर अण्णांनी मागायचं सोडलं.

घरात त्या दिवसांत एक विचित्रच चढाओढ चालली होती. माय म्हणायची, माझ्याच हातच्या तिखटानं त्यांचं पोट जाळलं. काका यायचे आणि उंबऱ्यात बसून म्हणायचे, मीच त्याला शहरात जाऊ दिलं, हट्टानं ठेवून घेतला असता तर आज उभा असता. उस्ताद तर लहान लेकरासारखे रडायचे, "मैंने उसकू बिठा बिठा के मारा." मला या सगळ्यांचा संताप यायचा. हे कोण लागून गेले वाटा मागणारे? गुन्हा माझा होता, सगळाच्या सगळा, आणि त्यातला तुकडासुद्धा मी कुणाला देणार नव्हते. आणि हा गुन्हा कवटाळून बसण्यात मी इतकी गर्क होते, की ज्यांच्यापायी तो कवटाळला होता ते शेजारच्या खोलीत बसलेत, तिकडं जाणं मी टाळायला लागले.

मी माझी पुस्तकं खाटेवरून उचलली आणि चुलीपाशी नेली. संध्याकाळी अण्णा मधल्या दाराशी येऊन बसायचे, स्टूल कवटाळून, आणि पाठ माझ्याकडं. खाज सुटायची म्हणून सदरा वर खोचलेला. बरगड्या मोजाव्यात अशा दिसायच्या. मी एकदा पुस्तक घेऊन ओट्यावर गेले, तर थोड्या वेळानं ते भिंत धरत धरत आले आणि उंबऱ्याच्या आत बसले, तोंड घरात आणि पाठ बाहेर, माझ्याकडं. मला वाटलं, रुसलेत. माझं तोंड बघायचं नाही त्यांना. पायाचा राग असा काढतायत. मीही हट्टाची. म्हटलं, असू दे, रुसा. माझीच लायकी आहे. मी मान खाली घालून वाचत राहायची आणि अक्षर दिसायचं नाही. मधूनच बघायची, तर ती पाठ तिथंच. श्वासाबरोबर हलणारी. दुखायला लागलं की ते स्टुलाची कड घट्ट धरायचे, तेवढं दिसायचं. तोंडातून आवाज नाही. मग माय येऊन त्यांना धरून आत न्यायची.

मशीन बंदच होती. एक दिवस तेवढी चालली. उस्तादांनी दुकानातून एक सुती तुकडा पाठवला होता, त्याचं माझ्यासाठी पोलकं शिवायला घेतलं त्यांनी. चाक मायनं हातानं फिरवलं. एक बाही झाली, दुसरी राहिली. ते पोलकं माझ्याजवळ नाही. मायनं ते पुढं वाकळीत घातलं का त्याचं काय केलं, मी कधी विचारलं नाही.

ते एका दुपारी गेले. मी शाळेतून आले तेव्हा ओट्यावर माणसं बसली होती. माझ्या सवयीच्या मनात पहिला विचार आला, कुणाची पाठ धरली?

पुढं मी शिक्षिका झाले. दर वर्षी सातवी-आठवीला पचनसंस्था यायची. फळ्यावर अन्ननलिका काढायची, जठर काढायचं, यकृत काढायचं, आणि मग त्यांच्या मागं ते लांबट पानासारखं स्वादुपिंड. तिथं माझा खडू दर वर्षी जड व्हायचा. पोरांना मी पुस्तकात नसलेलं एवढं जास्तीचं सांगायची, की घरात कुणाची पाठ दुखत असेल आणि त्याबरोबर जेवण तुटलं असेल, कपडे सैल पडत असतील, डोळे पिवळे असतील, तर तेल-मालीश-मंत्र करत बसू नका, आधी डॉक्टर. पोरं लिहून घ्यायची. परीक्षेला येणार का, विचारायची. मेली कारटी!

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी माझ्याच शाळेतल्या एका बाईंच्या नवऱ्याला तोच रोग निघाला. सोबतीला म्हणून मी त्यांच्याबरोबर कर्करोगाच्या डॉक्टरांकडं जायची. एक दिवस, त्या बाई आत औषध आणायला गेल्या असताना, मी डॉक्टरांना विचारलं. सगळं सांगितलं, पायासकट. मी म्हणाले, पाठ दुखायला लागली त्याच दिवशी आम्ही त्यांना आणलं असतं तर? डॉक्टर तरुण होते, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "बाई, ही ग्रंथी फार आत असते. ती गप्प बसते, आणि पाठीपर्यंत दुखणं येतं तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. आजसुद्धा. त्या काळी तर पहिल्या दिवशी आणलं असतं तरी तेवढंच जगले असते. तुमच्या पायानं त्यांचं काहीही वाईट झालेलं नाही." मी तिथंच खुर्चीत बसून रडले. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढं केला.

घरी येताना मला हलकं हलकं वाटत होतं. इतक्या वर्षांचं ओझं! माय तेव्हा थकली होती, माझ्याकडंच राहायची. ती लसूण सोलत बसली होती. मी चपला काढायच्या आधी तिला सांगितलं, "माय, माझ्या पायानं काही झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले."

"ते तुझ्या अण्णांना तवाच ठावं व्हतं," माय म्हणाली. मान वर न करता.

मला राग आला. एवढी मोठी बातमी आणली, तर हिला काहीच नाही. मी म्हणाले, "ठावं होतं तर मग माझ्यावर रुसून रोज पाठ कामून फिरवायचे?"

मायचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं, मी काय म्हणतेय हे तिला कळेचना.

"रुसून?" ती म्हणाली. "अगं माय माझे! तू चुलीपाशी बसलीस की चुलीकडं पाठ, ओट्यावर बसलीस की ओट्याकडं पाठ. तोंडानं मागायचं सोडलं त्यांनी, तू रडतीस म्हणून. मी म्हणायची, आत चला, पाठीला वारं लागंल. तर म्हणायचे, असू दे, पोरीच्या मनात आलंच तर तिला उठून यायला लागू नये."

मग तिनं पुढची पाकळी घेतली. मी उभीच होते, पायात चपला तशाच. खाज सुटायची म्हणून नव्हता तो सदरा वर खोचलेला.